ग्रुपवरचा राजकीय वाद: गप्प वाचणाऱ्यांसाठी लिहा

निवडणूक आली की एरंडोलच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज वाद पेटतो. लिहिणारे चार-पाच, बाकी सगळे नुसते वाचतात. ज्याला पटवून घ्यायचंच नाही, त्याच्याशी डोकं लावून काही मिळत नाही. उत्तर द्यायचं ते वाचणाऱ्यांसाठी.

आधी ओळखा

सरळ विचारा: "भाऊ, काय दाखवलं तर तुमचं मत बदलेल?" उत्तर "काहीच नाही" असेल किंवा मिळालंच नाही, तर समजून जा.

नेहमीच्या तीन चाली

1. मुद्दा बदलणे. समजा कोणी लिहिलं, "व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतच नाहीत." तुम्ही सांगितलं की 2019 पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात 5 केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताळा घेतात. लगेच येतं, "मग सगळ्या का नाही?" हा प्रश्न रास्त आहे. 26 एप्रिल 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली, त्यावर जरूर बोला. पण पहिला दावा चुकीचा होता, हे आधी लिहा. आणि असा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी "देशद्रोही" म्हणत असेल, तर तीही पळवाटच.

2. "तेव्हा कुठे होता?" एका ओळीत संपवा: "तेव्हाचंही चुकीचंच होतं. आता आजचं बोलू."

3. फॉरवर्डचा मारा. दहाही मेसेज खोडत बसू नका. विचारा, "यातला सगळ्यात पक्का मुद्दा कोणता?" तेवढाच तपासा. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो अनेकदा फॉरवर्ड झालेला आहे. पुरावा देणं दावा करणाऱ्याचं काम.

दोन उत्तरं द्या, मूळ बातमीची किंवा आदेशाची लिंक टाका आणि थांबा. शिवी आली तरी शिवी देऊ नका, नाहीतर लोकांना फक्त भांडण लक्षात राहतं.

एवढं कशाला करायचं?

1 जुलै 2018 ला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. अशा टोळ्यांच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. वाद राजकीय नव्हता, पण गप्प वाचणारेही वाचलेलं खरं मानून वागतात, हे तिथे दिसलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी 5 चॅटनाच फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. ॲप फॉरवर्डचा वेग कमी करू शकतं. "हे खरं नाही, हा घ्या पुरावा" हे मात्र ग्रुपमधल्याच कोणीतरी लिहावं लागतं.