होल्गर, हिल्डे

होल्गर, हिल्डे : (१८ ऑक्टोबर १९०५ – २२ सप्टेंबर २००१). नाझी संहारातून निसटून मुंबईत आश्रय घेतलेल्या ऑस्ट्रियन ज्यू नर्तकी व नृत्यशिक्षिका. मूळ आडनाव सोफर. जन्म व्हिएन्नात. गेरट्रूड बोडेनव्हीझर यांच्याकडे अभिव्यक्तिवादी नृत्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १९२६ मध्ये तेथेच स्वतःची नृत्यशाळा काढली. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ज्यू कलावंतांना रंगमंच बंद झाला. १९३९ मध्ये पॅरिसमार्गे त्या मुंबईला पोहोचल्या. मागे राहिलेली आई, सावत्र वडील, बहीण आणि इतर अनेक आप्त संहारात मारले गेले. हे दुःख त्यांना जन्मभर वागवावे लागले.

मुंबईत तेव्हा युरोपातून परागंदा झालेल्या ज्यूंचा छोटासा गोतावळा होता. आकाशवाणीची सर्वांच्या ओळखीची संकेतधून रचणारे वॉल्टर काउफमान त्यांपैकीच. पण होल्गर केवळ निर्वासितांच्या वर्तुळात रमल्या नाहीत. १९४० मध्ये त्यांनी कलाप्रेमी पारशी डॉक्टर आर्देशिर बोमन-बेहराम यांच्याशी विवाह केला आणि पुढच्याच वर्षी नृत्यशाळा उघडली. वंशावरून माणूस मारणाऱ्या राजवटीतून आलेल्या या बाईंनी शाळेचे दार सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुले ठेवले. त्यांच्या आयुष्यातील ही सर्वांत मोलाची कृती म्हणावी लागेल. राम गोपाल, उदय शंकर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. भारतीय नृत्यातील हस्तमुद्रा त्यांनी आपल्या रचनांत आणल्या. कन्या प्रिमावेरा हिचा जन्म १९४६ मधला.

फाळणीच्या हिंसाचारानंतर १९४८ मध्ये हे कुटुंब ब्रिटनला गेले. दहा वर्षांच्या आत त्यांना दुसऱ्यांदा घर सोडावे लागले. १९४९ मध्ये जन्मलेला मुलगा दारियस याला डाउन सिंड्रोम होता. त्याच्यासाठी सुरू झालेल्या प्रयत्नांतून त्यांची नृत्योपचाराची पद्धत आकारास आली. १९६८ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात त्यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांना घेऊन नृत्यप्रयोग सादर केला. अशा मुलांना चारचौघांत आणणेही तेव्हा दुर्मीळ होते. त्यांचे शिष्य वोल्फगांग श्टांगे यांनी पुढे ‘अमिची’ हा अपंग व अव्यंग नर्तकांचा एकत्रित संच उभा केला.

लंडनमधील कामामुळे त्यांना अधिक कीर्ती लाभली. तरी आधुनिक नृत्याचा भारतातील इतिहास लिहिताना त्यांची मुंबईतील वर्षे वगळता येणार नाहीत.