शेवंड, क्रॉफिश आणि मायबोली

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात केजन समाजाची एक आख्यायिका आहे. आजच्या कॅनडातील अकेडिया प्रांतातून इंग्रजांनी १७५५ पासून या फ्रेंचभाषक शेतकऱ्यांना हाकलले, तेव्हा तेथील समुद्रातले शेवंडही त्यांच्या मागोमाग निघाले. वाटेत झिजत झिजत ते बोटाएवढे क्रॉफिश झाले.

इतिहास निराळे सांगतो. १७६५ मध्ये जोसेफ ब्रूसार्ड यांच्यासमवेत सुमारे २०० निर्वासित तेथे पोहोचले. दलदलीच्या गोड्या पाण्यातील हा जीव स्थानिक आदिवासी आधीपासूनच खात होते; नवागतांनी तो आपल्या चुलीवर घेतला. कांदा, सेलरी व ढोबळी मिरची परतून केलेले त्याचे ‘एतुफे’ भातावर वाढतात. मीठ-तिखटाच्या पाण्यात बटाटे व मक्याच्या कणसांसह उकडलेली रास वर्तमानपत्रे अंथरलेल्या मेजावर ओततात. शेपटी सोलून खायची, डोक्यातला रस चोखायचा.

हे अन्न बराच काळ गरिबांचे म्हणून हिणवले गेले. पुढे १९५९ मध्ये विधिमंडळाने ब्रो ब्रिज गावाला क्रॉफिशची जागतिक राजधानी म्हणून गौरवले. भाषेच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत. १९६८ मध्ये फ्रेंचच्या जतनासाठी सरकारी परिषद स्थापन झाली, तोवर अनेक घरांतून ती ओसरली होती.

पिढ्यान्‌पिढ्या दूर वसलेल्या आपल्या घरांतही पुरणपोळी आणि कटाची आमटी टिकून आहे. ती वाढताना आपण मुलांशी कोणत्या भाषेत बोलतो, हे एकदा पाहावे, असे आम्हांस वाटते.