हळर्णच्या नावाचा वारसा

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठावर हळर्णचा किल्ला आहे. चिऱ्याचा, बेताच्या घेराचा, सावंतवाडीकर भोसल्यांच्या सरहद्दीवरचा. मे १७४६ मध्ये गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेदा याने हल्ला करून तो घेतला. तेव्हा तो कास्तेलु नोव्हुचा मार्केझ म्हणून ओळखला जात होता. या विजयाबद्दल राजा पाचवा जुआंव याने १७४८ मध्ये त्याला नवा किताब दिला : आलोर्नाचा मार्केझ. आलोर्ना म्हणजे आपले हळर्ण. पेडण्यातल्या एका गावाचे नाव त्या दिवसापासून लिस्बनच्या एका घराण्यात बापाकडून मुलाकडे जाऊ लागले.

या बापाने मुलासाठी नेमके काय मागे ठेवले, हे पाहायला पुरेसे कागद उरले आहेत. मोहिमेनंतर लवकरच मानुएल आंतोनियु द मैरेलिश याने लिहिलेली विजयाची हकिगत लिस्बनला छापली गेली. तिच्या लांबलचक नावातच हळर्ण, डिचोली, तेरेखोल आणि रेडी यांची यादी आहे. पेद्रो मिगेलने पुढच्या व्हाइसरॉयसाठी लिहून ठेवलेल्या सूचना आहेत. त्याच्या मुलाने तुरुंगात लिहिलेले पुस्तक आहे, नातीची पत्रे आहेत. पणजीच्या पुराभिलेखागारात दरसालच्या गलबतांबरोबर लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराची बाडे आहेत आणि ‘शेजारी राजे’ या नावाचे दफ्तरही आहे. त्या शेजाऱ्यांत आपले भोसले येतात. हे सगळे कागद एका ओळीत मांडले की एका घराच्या तीन पिढ्या दिसू लागतात. हळर्ण त्या घराच्या कपाळावर लिहिलेले होते, म्हणून मला ती गोष्ट पेडण्याचीही वाटते.

पेद्रो मिगेलचा जन्म १६८८ चा. तरुणपणी तो स्पेनच्या गादीसाठी झालेल्या युद्धात लढला. १७१७ ते १७२१ या काळात तो आसुमारचा काउंट या नात्याने ब्राझीलमध्ये साओ पावलो आणि मिनास या सोन्याच्या खाणींच्या मुलुखाचा गव्हर्नर होता. १७१७ मध्ये तो वाटेत असताना त्याच्या मेजवानीसाठी मासे पकडायला गेलेल्या कोळ्यांच्या जाळ्यात मारियेची एक मूर्ती लागली. तीच पुढे ब्राझीलची आपारेसिदा झाली. १७२० मध्ये व्हिला रिका येथे सोन्यावरच्या कराविरुद्ध लोक उठले, तेव्हा याच गव्हर्नरने उठाव मोडला आणि फिलिप दुश सांतुश याला ठार करवले. त्या उठावावरचा एक प्रबंध त्याच्या नावाशी जोडला जातो. हा माणूस तलवार चालवायचा आणि मग बसून त्याचा जबाब लिहायचा. ही सवय त्याने आयुष्यभर सोडली नाही. माझ्या मते तीच त्याची खरी कमाई.

१७४४ मध्ये तो गोव्याला आला तेव्हा वसई पडून पाच वर्षे झाली होती. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा उत्तरेकडचा जवळजवळ सगळा मुलुख गेला. उरलेल्या गोव्याला बारदेशाच्या वेशीपासून भोसल्यांची धास्ती होती. अशा वेळी हळर्णसारख्या छोट्या किल्ल्याची बातमी लिस्बनला फार मोठी वाटली. किल्ल्याचा घेर आणि किताबाचा थाट यांचा मेळ बसत नाही, याचे कारण मला वसईच्या पराभवात दिसते. हरलेल्या दरबाराला एक तरी जिंकलेले नाव हवे होते.

व्हाइसरॉय इकडे असतानाच तिकडे घरात लग्न झाले. त्याच्या जुआंव या मुलाने १७४७ मध्ये ताव्होरा घराण्यातली लियोनोर केली. तिचा बाप फ्रान्सिस्कु द आसिस द ताव्होरा. १७५० मध्ये पेद्रो मिगेलच्या जागी गोव्याला व्हाइसरॉय म्हणून आला तो हाच. म्हणजे हळर्ण जिंकणाऱ्याने गोव्याचा कारभार आपल्या व्याह्याच्या हाती दिला.

या घडीचा कागद सुदैवाने उरला. पेद्रो मिगेलने ताव्होराला लिहून दिलेल्या सूचना १९व्या शतकात फिलिप नेरी झेवियर यांनी गोव्यातच छापल्या, म्हणून त्या आज वाचता येतात. शेजारच्या सत्ता कोणत्या, त्यांची ताकद किती, कोणाशी कसे वागावे, हे सारे त्यात जाणत्या माणसाने उत्तराधिकाऱ्याला समजावले आहे. इतिहासकार हा कागद पेशवे आणि भोसले यांच्याबद्दलची साक्ष म्हणून वापरतात आणि ते योग्यच आहे. पण साक्ष तपासताना ती कोणी कोणाला दिली हेही पाहावे लागते. इथे एक व्याही दुसऱ्या व्याह्याला लिहीत होता. आपली चूक सांगायला जी भीड परक्यापुढे पडते ती इथे थोडी सैल असणार, आणि आपली फत्ते मोठी करून सांगायचा मोह दुप्पट असणार. हा कागद मी वाचतो तो ही दोन्ही वजने पारड्यात घालून.

त्याच १७५० च्या ३१ ऑक्टोबरला लिस्बनमध्ये जुआंवला मुलगी झाली. तिचे नावही लियोनोरच ठेवले. आई लियोनोर, आईची आई लियोनोर तोमाझिया. ही आजी नवऱ्याबरोबर गोव्याला आली होती. तान्ह्या मुलीचे दोन्ही आजे त्या वेळी पूर्वेकडे होते, आणि दोघांनीही गोव्याच्या व्हाइसरॉयची खुर्ची भोगली.

पेद्रो मिगेल १७५६ मध्ये वारला. पुढचे त्याला पाहावे लागले नाही. ३ सप्टेंबर १७५८ च्या रात्री राजा जुझे याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मंत्री पोंबाल याने कटाचा आळ ताव्होरा घराण्यावर आणला. १३ जानेवारी १७५९ रोजी बेलें येथे फ्रान्सिस्कु द आसिस, त्याची बायको लियोनोर तोमाझिया आणि त्यांचे मुलगे यांना भर चौकात ठार केले. चार वर्षे गोव्यावर राज्य केलेल्या माणसाचा शेवट असा झाला. जावई जुआंव आधीच डिसेंबरात पकडला गेला होता. त्याला पुढे जुंकैराच्या किल्ल्यात डांबले. त्याची बायको आणि मुली शेलश येथील मठात बंद झाल्या. लियोनोर तेव्हा आठ वर्षांची होती.

बापाकडून जुआंवला मिळालेल्या वारशाचा हिशेब इथे लागतो. हळर्णचा किताब कोठडीत काही कामाला आला नाही. बापाने जोडलेली सोयरीकच त्याला कोठडीत घेऊन गेली. उरली ती लिहिण्याची सवय. जुआंवने जुंकैरात बसून तिथल्या कोठड्या, तिथले कैदी आणि त्यांचे हाल लिहून काढले. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने, १८५७ मध्ये छापले गेले. त्याच्या बापाने जसा शेजारच्या राज्यांचा तपशील लिहिला, तसा याने शेजारच्या कोठड्यांचा लिहिला. दोघांची हयात वेगळी, पण जे समोर आहे ते नीट पाहून दुसऱ्यासाठी उतरवून ठेवायचे, ही शिस्त एकच.

तुरुंग आणि मठ यांच्यात चोरून पत्रे जात-येत. आईची तब्येत, वाचलेली पुस्तके, शिकायच्या भाषा, लिहिलेल्या कविता असे सगळे मुलगी बापाला कळवी आणि बाप तिकडून सांगी-सुचवी. ज्या बापाला मुलीचे बोट धरून चालवता आले नाही, त्याने तिला कागदावर वाढवले. आठ वर्षांची पोर सव्वीस वर्षांची झाली तोवर हेच चालू होते. या घरातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा कागद हाच, व्हाइसरॉयच्या सूचनांपेक्षाही. फेब्रुवारी १७७७ मध्ये राजा जुझे मेला, पोंबाल गेला आणि सारे सुटले. जुआंव निर्दोष ठरला. मठात घडलेली लियोनोर पुढे पोर्तुगीज भाषेतली मोठी कवयित्री झाली. आल्सिप हे तिचे काव्यनाम.

याच वर्षांत हळर्णला काय चालले होते? १७६१ मध्ये पोर्तुगीजांनी हळर्ण भोसल्यांना परत दिले होते. ते पुन्हा घेतले १७८१ मध्ये. म्हणजे हळर्णचा मार्केझ तुरुंगात असताना बहुतेक काळ हळर्ण भोसल्यांकडेच होते. मार्केझ सुटला त्या १७७७ सालीही गावावर सत्ता सावंतवाडीचीच. अखेर १७८८ मध्ये सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी पेडणे पोर्तुगीजांना दिले आणि गाव नव्या काबिजादीत गेले. वीस वर्षे एका किताबाला पायाखाली जमीन नव्हती, तरी लिस्बनच्या कागदांत तो तसाच चालू राहिला. गावाने मात्र आपला कारभार, शेती आणि देवस्थान कोणत्याही मार्केझला विचारून चालवले नाही.

जुआंव १८०२ मध्ये वारला आणि किताब त्याच्या मुलाकडे, पेद्रोकडे गेला. आजोबाचे नाव, आजोबाचाच पेशा. पण हा पोर्तुगीज फौज घेऊन नेपोलियनच्या सैन्यात लढला. मायदेशात देशद्रोही ठरला आणि १८१३ च्या आरंभी, रशियाच्या मोहिमेतून परतताना कोनिग्सबर्ग येथे मेला. त्यानंतर हळर्णचे नाव लियोनोरकडे आले. बापाकडून मुलाकडे चाललेली ओळ बहिणीकडे वळली आणि तिच्या मुलीमार्फत फ्रोंतैरा घराण्यात गेली. लियोनोर १८३९ मध्ये वारली. १८४४ मध्ये तिची कविता सहा खंडांत निघाली.

आपल्या बाजूचा कागद वाचायला माणूस मिळाला तोही जवळच्याच तालुक्यातून. सत्तरीतल्या पिसुर्ले गावी १८९४ मध्ये जन्मलेले पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख झाले. दफ्तरातले पोर्तुगीज कागद त्यांनी मराठ्यांच्या इतिहासासाठी उघडून दिले आणि १९५५ मध्ये या दफ्तरखान्याचा मार्गदर्शक ग्रंथही छापला. आडनावात आपले गाव आणि मधल्या नावात आपला बाप घेऊन वावरणाऱ्या या माणसाने गव्हर्नरांची बाडे चाळली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. हळर्णकर आडनावाची घरेही गोव्यात आहेत. त्यांना हे नाव कोणत्या राजाने बक्षीस दिलेले नाही.

पुढचे काम सरळ आहे. व्याह्याला लिहिलेल्या त्या सूचनांतले भोसल्यांबद्दलचे प्रत्येक विधान ‘शेजारी राजे’ दफ्तरातल्या सावंतवाडीच्या पत्रांशेजारी ठेवून ताडून पाहायचे, आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे सावंतवाडीचे म्हणणे मराठीत पूर्ण छापायचे. पेद्रो मिगेलचे म्हणणे छापून दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे.