जुन्या सवयी आणि लोणावळ्याची साधना

मावळातील आंबी गावाजवळून वाहत देहू-आळंदीकडे जाणारी इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरात, कुरवंड्यापाशी उगम पावते. त्याच लोणावळ्यात येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो (१९३१-१९८७) यांनी १९७८ साली आपली 'साधना' संस्था पुण्याहून आणली.

जुन्या सवयी मोडा, असे आपण दर प्रायश्चित्तकाळात ऐकतो, आणि दारू, शिवीगाळ, चहाडी एवढीच नावे आपल्या मनात येतात. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांनी सोळाव्या शतकात अशा दोषांवर मोठा काटेकोर उपाय सांगितला. एका वेळी एकच दोष निवडायचा. चूक घडताच छातीवर हात ठेवायचा. दुपारी आणि रात्री आत्मपरीक्षण करून आठवड्याच्या आखलेल्या रेघांवर तितके ठिपके द्यायचे, आणि कालच्यापेक्षा आज ठिपके घटले का, ते पाहायचे. जमाखर्चाच्या वहीसारखीच ही शिस्त! सैनिकी पेशातून आलेल्या संताला ती शोभते.

फादर डिमेलो आरंभी याच परंपरेतील तपःसाधनेचे नामवंत मार्गदर्शक होते. पुढे सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यनेचा त्यांना परिचय झाला आणि त्यांच्या शिकवणुकीला वळण मिळाले. त्यांनी बोट ठेवले ते भाविकांच्याच एका सवयीवर : शब्दांनी गजबजलेल्या, डोक्यात चालणाऱ्या प्रार्थनेवर. घरोघरी रोझरी ओठांवर आणि लक्ष चुलीवरच्या भाताकडे, हे कोणत्या धर्मग्रामाला नवीन आहे? १९७८ च्या 'साधना' ग्रंथात त्यांनी सत्तेचाळीस अभ्यास दिले. त्यांतील पहिलाच मौनाचा. मग अंगावरील वस्त्राचा स्पर्श, कानी येणारे आवाज, श्वासाची ये-जा. हे परके वाटणाऱ्यांनी इग्नाशियसांचा प्रार्थनेचा तिसरा प्रकार पाहावा. एका श्वासागणिक प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक शब्द, असा तो आहे.

दोषांशी झगडून उपयोग नाही, ज्याचा हट्टाने त्याग करू त्यालाच आपण बांधले जातो, म्हणून आधी दोष नीट पाहा, असे ते पुढेपुढे सांगू लागले. ठिपक्यांच्या वहीपासून हे अंतर फार मोठे, आणि माझ्या मते थोडे धोक्याचेही. व्यसनी बापाच्या मुलांना नुसत्या पाहण्याने भाकरी मिळत नाही. तरी रेघा मारून थकलेल्या कित्येकांना लोणावळ्यात विसावा लाभला, हेही खरेच.

२४ जून १९९८ रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने, कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीने, त्यांच्या लिखाणाविषयी सूचनापत्र काढले. त्यांचे आरंभीचे ग्रंथ, पौर्वात्य प्रभाव असूनही, ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहतात. मात्र त्यांतील काही उताऱ्यांत, आणि नंतरच्या प्रकाशनांत अधिकच, ते श्रद्धेच्या गाभ्यापासून दूर जातात, असा त्याचा निवाडा होता. फादर डिमेलो मात्र खुलासा करण्यास उरले नव्हते. ते अकरा वर्षांपूर्वीच, जून १९८७ मध्ये, न्यूयॉर्कला निवर्तले होते आणि वांद्र्याच्या मातीत विसावले होते.