गच्चीवरील अँटेना आणि मुक्त लहरी : मुंबई उपनगरांतील दूरचित्रवाणी ग्रहणाचा इतिहास (1972 ते 2022)

प्रस्तावना

दूरचित्रवाणीविषयी मराठीत झालेले लेखन बहुतांशी कार्यक्रम, कलावंत आणि निवेदक यांच्याभोवती फिरते. ‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’, ‘चिमणराव’ यांच्या आठवणी विपुल आहेत. परंतु मनोऱ्यावरून निघालेली लहर सामान्य कुटुंबाच्या खोलीपर्यंत पोहोचली कशी, तिच्यासाठी कोणी काय खटपट केली आणि पुढे ती लहर अनाथ कशी झाली, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत फारसा आलेला नाही. प्रस्तुत लेखात अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या चार उपनगरांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

आज अमेरिका, ब्रिटन, जपान या देशांत साध्या अँटेनावर, मासिक वर्गणी न देता, स्थानिक वाहिन्या उच्च सुस्पष्टतेत म्हणजे हाय डेफिनिशनमध्ये पाहता येतात. देशातील दुसरे दूरचित्रवाणी केंद्र ज्या शहरात सुरू झाले, त्या मुंबईत मात्र अँटेनावर दूरचित्रवाणी पाहणे हा घरोघरचा व्यवहार राहिलेला नाही. याचे कारण तंत्रज्ञानाच्या अपुरेपणात शोधण्याचा प्रघात आहे. ते कारण धोरणात आणि गच्चीच्या सामाजिक इतिहासात शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वरळीचा मनोरा आणि उपनगरांचा भूगोल

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्ली येथे 15 सप्टेंबर 1959 रोजी सुरू झाले. मुंबई केंद्राचा प्रारंभ 2 ऑक्टोबर 1972 रोजी झाला. त्या वेळी दूरचित्रवाणी आकाशवाणीचाच एक विभाग होती; ‘दूरदर्शन’ 1 एप्रिल 1976 रोजी स्वतंत्र झाले.

मुंबईची प्रशासकीय हद्द तत्पूर्वीच विस्तारली होती. 1950 मध्ये पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंतचा, तर 1957 मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत समाविष्ट झाला. दूरचित्रवाणी आली तेव्हा गिरगाव, दादर, परळ येथील मध्यमवर्ग या नव्या उपनगरांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांकडे वळू लागला होता. उपनगरातील वसाहत आणि गच्चीवरील अँटेना यांची वाढ अशा रीतीने बरोबरीने झाली.

वरळीचा मनोरा सुमारे 300 मीटर उंचीचा आहे. पृथ्वीची वक्रता लक्षात घेता इतक्या उंचीवरून निघालेल्या लहरींचे क्षितिज सुमारे 70 किलोमीटरवर येते. वरळीपासून अंधेरी व घाटकोपर सरळ रेषेत सुमारे 13 किलोमीटर, मुलुंड सुमारे 23 आणि बोरिवली सुमारे 25 किलोमीटर अंतरावर आहे. म्हणजे केवळ अंतराचा विचार केला तर चारही उपनगरे सहज टप्प्यात होती. अडचण अंतराची नव्हती, मध्ये येणाऱ्या वस्तूंची होती. मुलुंडकडे जाणाऱ्या लहरींच्या वाटेवर विक्रोळी-पवईच्या टेकड्या येतात. पश्चिम उपनगरांत भूभाग तुलनेने सपाट. तेथे पुढे उंच इमारतींनी तेच काम केले.

दिशाही वेगवेगळी होती. बोरिवली व अंधेरीच्या गच्च्यांवरील अँटेना जवळजवळ दक्षिणेकडे, तर मुलुंड व घाटकोपरच्या गच्च्यांवरील नैर्ऋत्येकडे तोंड करून उभ्या असत. कोणत्याही गच्चीवरील सर्व अँटेनांची तोंडे मात्र एकाच बाजूला असत. मध्यवर्ती शहराशी उपनगराचे असलेले नाते त्या काळी गच्चीवर उभे राहून डोळ्यांनी पाहता येत होते.

अँटेनाची रचना आणि ग्रहणाची संस्कृती

घरोघरी वापरली जाणारी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची अँटेना ‘यागी-उदा’ प्रकारची होती. जपानमधील तोहोकू विद्यापीठात हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांनी 1926 च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. तिच्यातील एक नळी प्रत्यक्ष लहर ग्रहण करते. मागची नळी लहर परतवते आणि पुढच्या आखूड नळ्या तिला दिशा देतात. नळीची लांबी तरंगलांबीच्या साधारण निम्मी असावी लागते. 60 मेगाहर्ट्झच्या सुमारास तरंगलांबी 5 मीटर असते, म्हणून नळी अडीच मीटरच्या आसपास येते. अशी अँटेना खोलीत मावत नाही. ती गच्चीवरच लावावी लागते. आणि गच्ची कोणा एकाची नसते.

येथेच या विषयाचे सामाजिक अंग सुरू होते. संच कुटुंबाचा, लहर सर्वांची आणि गच्ची संस्थेची, अशी ही तीन पदरी व्यवस्था होती. गच्चीची किल्ली कोणाकडे असावी, नळी रोवताना गच्ची गळू लागली तर खर्च कोणी करावा, चपटी वायर कोणाच्या खिडकीवरून न्यावी, हे प्रश्न सहकारी संस्थेच्या जीवनात अपरिहार्यपणे उद्भवत. पतंगांच्या दिवसांत मांजा अडके, कावळे बसून नळी फिरे आणि पावसाळ्यात जोडणीच्या ठिकाणी गंज चढे. मग एकाने गच्चीवर, दुसऱ्याने जिन्यात आणि तिसऱ्याने संचासमोर उभे राहून ‘आलं का?’, ‘आलं, आलं’, ‘गेलं’ अशी साखळी चाले. प्रस्तुत लेखकाच्या पिढीने या साखळीचा शेवटचा काळ पाहिला. जिन्यातले काम सहसा घरातील मुलांकडे असे.

चित्रातील दोषांनाही लोकांनी आपली नावे दिली होती. लहर क्षीण असली की पडद्यावर ‘मुंग्या’ येत. लहर एखाद्या इमारतीवर आपटून किंचित उशिरा पोहोचली की माणसाशेजारी त्याची फिकट सावली दिसे. शेजारी सात मजली इमारत उभी राहिली म्हणजे आपल्या घरी दोन-दोन निवेदक दिसू लागतात, हा उपनगरातील अनुभव नागरी वाढीचे एक अलिखित मोजमापच होता.

संच बाळगण्यासाठी परवाना लागे व त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. ही पद्धत 1980 च्या दशकाच्या मध्यास संपुष्टात आली. तेव्हापासून संच आणि अँटेना यांचा एकदाच केलेला खर्च सोडता दूरचित्रवाणी पाहणे खऱ्या अर्थाने निःशुल्क झाले. 1982 मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि 1985 मध्ये मुंबईला दुसरी वाहिनी मिळाली. ‘रामायण’ (1987-88) आणि ‘महाभारत’ (1988-90) या मालिकांचा काळ हा गच्चीवरील अँटेनाच्या वैभवाचाही काळ होय.

केबलचे आगमन आणि गच्चीचा त्याग

1991 च्या आखाती युद्धाच्या वेळी उपग्रहाद्वारे येणाऱ्या थेट वार्ताप्रक्षेपणाने शहरी प्रेक्षकाचे लक्ष वेधले. 2 ऑक्टोबर 1992 रोजी, म्हणजे मुंबई केंद्राच्या बरोबर 20 व्या वर्धापनदिनी, झी टीव्ही ही खासगी हिंदी वाहिनी सुरू झाली. उपनगरांत या वाहिन्या पोहोचवल्या त्या केबलचालकाने. एक मोठी तबकडी, काही उपकरणे आणि इमारतीवरून इमारतीवर टाकलेली काळी वायर एवढ्या भांडवलावर हा व्यवसाय उभा राहिला.

केबलच्या त्याच वायरीतून दूरदर्शनही येऊ लागले. 1995 च्या केबल दूरचित्रवाणी जाळे (विनियमन) अधिनियमाने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे केबलचालकास बंधनकारक केले. सार्वजनिक प्रसारणाच्या रक्षणासाठी केलेल्या या तरतुदीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. दूरदर्शन पाहण्यासाठीदेखील अँटेनाची गरज उरली नाही. मोडलेली नळी पुन्हा उभी करण्याचे कारणच संपले. जी वस्तू मोफत मिळत होती ती मासिक वर्गणीच्या आत समाविष्ट झाली आणि हा बदल कोणास बदल म्हणून जाणवलाही नाही.

याच वर्षी, फेब्रुवारी 1995 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. लहरी जनतेच्या आहेत हे तत्त्व न्यायालयात प्रस्थापित होत असताना त्या ग्रहण करण्याचे साधन जनतेच्या गच्चीवरून उतरत होते. हा विरोधाभास प्रसारणाच्या इतिहासात आजवर दुर्लक्षित राहिला आहे.

पुढे 2011 च्या कायदा दुरुस्तीनुसार मुंबईतील केबल 31 ऑक्टोबर 2012 नंतर अंकीय झाली व सेट-टॉप बॉक्स अनिवार्य ठरला. 2019 मध्ये अमलात आलेल्या दरप्रणालीत पहिल्या 100 वाहिन्यांच्या जोडणीसाठी करांव्यतिरिक्त कमाल 130 रुपये मासिक शुल्क आकारण्यास मुभा मिळाली. ज्यास केवळ निःशुल्क वाहिन्या पाहावयाच्या आहेत त्यालाही हे जोडणीशुल्क चुकत नव्हते. 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेली आणि पुढे ‘डीडी फ्री डिश’ झालेली सेवा विनावर्गणी आहे हे खरे. परंतु तिच्या उपग्रहाकडे मुंबईतून आग्नेय दिशेस, मोकळे आकाश पाहणारी तबकडी लावावी लागते. ज्याच्या सदनिकेच्या खिडक्या केवळ पश्चिमेस आहेत, त्याला पुन्हा संस्थेच्या गच्चीचाच आश्रय घ्यावा लागतो.

उशिरा आलेले अंकीय प्रक्षेपण

अँटेनावरील जुने चित्र 625 रेषांचे होते व त्यांपैकी सुमारे 576 प्रत्यक्ष दिसत. उच्च सुस्पष्टतेच्या चित्रात 720 किंवा 1080 रेषा असतात. असे चित्र अँटेनावर आणण्यासाठी प्रक्षेपण अंकीय असावे लागते. युरोपात विकसित झालेले डीव्हीबी-टी2 हे मानक 2009 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनमध्ये त्याच्या आधारे उच्च सुस्पष्टतेच्या वाहिन्या वर्षभरातच अँटेनावर निःशुल्क उपलब्ध झाल्या.

भारतात 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे प्रसारण उच्च सुस्पष्टतेत झाले. दूरदर्शनने डीव्हीबी-टी2 पद्धतीची सेवा फेब्रुवारी 2016 मध्ये 16 शहरांत जाहीर केली. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, यांचा समावेश होता. सेवेत दूरदर्शनच्याच पाच वाहिन्या होत्या.

येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. या पद्धतीत माहिती हजारो उपवाहक लहरींवर वाटून पाठवली जाते आणि प्रत्येक संकेतानंतर थोडा संरक्षक अवकाश ठेवलेला असतो. परिणामी इमारतींवर आपटून उशिरा येणारी लहर त्या मर्यादेत असेल तर चित्र बिघडवत नाही. उंच इमारतींच्या गर्दीमुळे पडणारी जी सावली दोन दशके उपनगरी प्रेक्षकाची मुख्य तक्रार होती, तिच्यावर नेमका उपाय या तंत्रज्ञानात होता. औषध हाती आले तेव्हा रोगी घर सोडून गेला होता.

प्रेक्षकाला परत आणण्याचे प्रयत्नही अपुरे राहिले. अमेरिकेत 12 जून 2009 रोजी मोठ्या केंद्रांचे जुने प्रक्षेपण बंद झाले. परंतु 1 मार्च 2007 पासूनच नव्या संचांत अंकीय ग्राहक बसवणे बंधनकारक होते आणि जुन्या संचांसाठी लागणाऱ्या परिवर्तकाकरिता कुटुंबांना 40 डॉलरची कूपने देण्यात आली. शिवाय 1996 च्या नियमांमुळे गृहसंस्थेला रहिवाशाने आपल्या स्वतःच्या जागेत लावलेल्या अँटेनावर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतात संचामध्ये डीव्हीबी-टी2 ग्राहक सक्तीचा झाला नाही आणि अँटेनाचा प्रश्न सोसायटीच्या सर्वसाधारण सभेवर राहिला.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी 2017 मध्ये या क्षेत्रात खासगी सहभागाची शिफारस केली होती. परंतु खासगी वाहिन्यांना भूपृष्ठीय प्रक्षेपणाची वाट खुली झाली नाही. पुढे सुमारे 50 केंद्रे वगळता दूरदर्शनचे उर्वरित जुने प्रक्षेपक मार्च 2022 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय अमलात आला. ब्रिटनमध्ये वा अमेरिकेत एक पद्धत बंद होताना प्रेक्षक दुसरीकडे नेला गेला. मुंबई उपनगरांत पद्धत बंद झाली तेव्हा नेण्यासाठी प्रेक्षकच उरला नव्हता.

निष्कर्ष

निःशुल्क ग्रहणाची व्यवस्था मनोरा, संच आणि गच्ची या तीन आधारांवर उभी होती. 1992 नंतर राज्यसंस्थेने मनोऱ्याची निगा राखली; संच बाजारावर सोपवला आणि गच्चीचा विचार कधीच केला नाही. म्हणून उच्च सुस्पष्टतेचे तंत्र उपलब्ध होऊनही ते उपनगरातील घरात उतरले नाही. यात केबलचालकाचा दोष नाही आणि प्रेक्षकाचाही नाही. अधिक वाहिन्यांची निवड स्वाभाविक होती. मात्र वर्गणी परवडत नाही अशा कुटुंबासाठी एक मोकळी वाट राखून ठेवणे हे सार्वजनिक प्रसारणाचे कर्तव्य होते. लहरींवरील नागरिकाचा हक्क कागदावर शाबूत राहून व्यवहारात कसा विरतो, याचे हे उदाहरण आहे.

शेवटी एका निकडीच्या बाबीकडे लक्ष वेधणे उचित ठरेल. या इतिहासाची साधने अभिलेखागारात नाहीत. ती गृहनिर्माण संस्थांच्या इतिवृत्तांत, अँटेना व बूस्टर विकणाऱ्या दुकानांच्या पावतीपुस्तकांत आणि आता वृद्ध झालेल्या दुरुस्ती-कारागिरांच्या स्मरणात आहेत. 1970 आणि 1980 च्या दशकांतील उपनगरी इमारती आज पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. इमारत रिकामी होताना जुनी इतिवृत्ते रद्दीत जाण्याची भीती मोठी असते. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी याच इमारतींमधून येतात. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या संस्थेच्या इतिवृत्तातील गच्चीविषयक ठराव जरी उतरवून आणले तरी स्थानिक इतिहासाचे एक मोलाचे साधन हाती येईल. त्यासाठी अनुदानाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. इमारती मात्र थांबणार नाहीत.