रॉयल ऑपेरा हाऊस : बंद दारांची तेवीस वर्षे

मुंबईत वाढलेल्यांना ‘ऑपेरा हाऊस’ म्हटले की गिरगावाजवळचा नाका आठवतो. ज्या नाट्यगृहावरून त्या परिसराला हे नाव पडले, त्याविषयी मी बोलणार आहे.

नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि पारशी कोळसा-दलाल जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते उभारले. १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा बांधकाम पुरे व्हायचेच होते! प्रवेशदालनातील झुंबरे ससून घराण्याची देणगी. पूर्वी ती त्यांच्या भायखळ्याच्या ‘सां सूसी’ हवेलीत होती. तेथेच पुढे मसीना रुग्णालय आले. ससून बगदादी, आपण बेने इस्रायल. पण त्या झुंबरांखाली हा भेद मला तरी आठवत नाही.

याच रंगमंचावर बालगंधर्व आणि पृथ्वीराज कपूर उभे राहिले. बोलपटांच्या काळात त्याचे चित्रगृह झाले आणि मूळ सजावटीची मोडतोड झाली. १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतले. १९९३ मध्ये दारे बंद झाली. सोन्याच्या मोलाच्या त्या जागेवर मनोरा उठू दिला नाही, हे मालकांचे श्रेय मी सर्वांत मोठे मानतो.

वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धार हाती घेतला. आधी गळती थांबवणे, इमारतीला बळकटी देणे. सोनेरी नक्षीकाम नंतर. काय होते ते ठरवायला जुनी छायाचित्रे कामी आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा उघडला, तो संग्रहालयाचा नव्हे, चालत्या नाट्यगृहाचा.