वाकड्या चोचीचं पिल्लू जगू शकते, आधी भांडं बदला

नागपूर : पिल्लाची वरची-खालची चोच कैचीसारखी एकमेकीवरून गेली की बरेच जण ते सोडून देतात. असं पिल्लू बहुधा चोचीनं नाही, उपासानं मरते. पसरट ताटलीतला दाणा त्याला टिपता येत नाही. खोल वाटीत घट्टसर भिजवलेला भरडा द्या, चोच खुपसून ते खाते. वाटी त्याच्या पाठीइतक्या उंचीवर ठेवा अन् बाकीच्या पिल्लांपासून वेगळं चारा. पाणी चोच बुडेल इतकं हवं, पण पिल्लू आत पडू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात भिजवलेला भरडा लवकर आंबतो, उरलेला फेकाच. रोज संध्याकाळी गळ्याखालची पिशवी चाचपा. रिकामी लागली तर पुन्हा चारा.

चोच ओढून सरळ करू नका, आतलं हाडच वाकडं असते. वाढलेलं टोक नेलकटरच्या कानशीनं हळूहळू घासा. जास्त कापलं तर रक्त येते. पिसं नीट साफ करता येत नसल्यानं उवा होतात, राख-माती लोळायला ठेवा.

हा दोष बऱ्याचदा वंशातून येतो, कधी उबवणीत उष्णता कमीजास्त झाल्यानंही. म्हणून अशा कोंबडीची अंडी खा, पण उबवायला बसवू नका. पिल्लू वाळत चाललं तर १९६२ वर फोन करा किंवा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा.